'कम्प्लायन्स'ला मराठीत काय म्हणाल?

शब्दखोर: मानसशास्त्राचा एक लेख मराठीत करतेय. 'कम्प्लायन्स' म्हणजे कोणी काही मागितलं आणि आपण हो म्हटलं, आतून पटो न पटो. मी 'अनुपालन' लिहिलं तर संपादक म्हणे सरकारी परिपत्रक वाटतंय. सुचवा.

बोरूबहाद्दर: 'मन वळवणे' आहे की!

शब्दखोर: ते मागणाऱ्याचं काम झालं, मला हो म्हणणाऱ्याची बाजू हवीय. आणि मन वळतंच कुठे? एलेन लँगर आणि सहकाऱ्यांचा १९७८चा झेरॉक्सवाला प्रयोग बघा, मशीनपाशी आलेल्याला म्हणायचं मला आधी काढू द्या, पाचच पानं आहेत. नुसतं विचारलं तर ६० टक्के हो, घाई आहे सांगितलं तर ९४, आणि 'कारण मला कॉपी काढायच्यात' असल्या फुसक्या कारणालाही ९३!

तिरकस: पुढचं कोणी सांगतच नाही. २० पानं म्हटल्यावर ते फुसकं कारण २४ वर आलं, नुसतं विचारलं तरी तेवढेच. लोक अगदीच बावळट नसतात.

जुनीवही: अहो 'भीड' विसरलात का? भिडेखातर हो म्हटलं, संपला विषय. माझे एक काका असेच, कोणी मागेल त्याला जामीन राहायचे, काकू करवादायची, भीड भिकेची बहीण म्हणून.

बोरूबहाद्दर: हल्ली भीड म्हणजे गर्दी वाटते लोकांना.

जुनीवही: हिंदी सिरियली बघणाऱ्यांना वाटत असेल. त्यांच्यासाठी आपण शब्द टाकून द्यायचे?

तिरकस: शब्द छान आहे पण सगळीकडे नाही बसत. फ्रीडमन-फ्रेझरचा प्रयोग बघा, १९६६चा. आधी 'गाडी जपून चालवा'चं इवलंसं स्टिकर लावायला सांगितलं, दोनेक आठवड्यांनी अंगणात भलामोठा कुरूप बोर्ड लावू का विचारलं. स्टिकरवाले ७६ टक्के तयार, थेट बोर्डच मागितला तिथे १७. आणि दुसऱ्यांदा आलेला माणूस वेगळाच होता! मग भीड कोणाची? आपण असल्या कामाला मदत करणारे, असं त्यांचं स्वतःबद्दलच मत झालं असणार.

शब्दखोर: मग 'रुकार'?

बोरूबहाद्दर: त्यापेक्षा 'गळ घालणे' घ्या, मासे धरायचा गळ, काय चपखल!

जुनीवही: चूक. माशाचा गळ पुल्लिंगी, गळ टाकला. इथे गळ घात*ली*. हा गळ्यात पडण्यातला गळा असावा.

बोरूबहाद्दर: गळा तरी कुठे स्त्रीलिंगी आहे?

शब्दखोर: अहो, रुकारचं काय?

जुनीवही: थांबा हो. आधी ही गळ बाई कशी झाली ते बघू.