रडीचा डाव रोखण्यासाठी संगणकाचा गाभाच हवाली करायचा का?

गोदाकाठ (धागाकर्ती)

ऑनलाइन खेळांतली लबाडी पकडणारी अँटी-चीट सॉफ्टवेअर आता संगणकाच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या सर्वांत आतल्या आणि सर्वाधिकार असलेल्या थरात, जाऊन बसतात. ही परवानगी आपण फार स्वस्तात देऊन टाकत आहोत असे माझे ठाम मत आहे आणि त्यावर नीट चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

निमित्त घरचेच आहे. माझी बहीण करसल्लागार आहे. तिच्या घरी धड चालणारा संगणक एकच आहे. दिवसा त्यावर अशिलांची जीएसटी विवरणपत्रे भरली जातात, डिजिटल सहीचा टोकन त्यालाच लावलेला असतो आणि रात्री दहानंतर तोच संगणक माझ्या अकरावीतल्या भाच्याच्या ताब्यात जातो. गेल्या पावसाळ्यात त्याचा आवडता नेमबाजीचा खेळ सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त अधिकृत सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) सुरू केल्याशिवाय उघडेना. त्याने एक व्हिडिओ पाहून रात्री बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, बदल केले. सकाळी बहिणीने संगणक सुरू केला, तेव्हा निळ्या पडद्यावर, कुलूपबंद झालेली डिस्क उघडण्यासाठी, ४८ आकडी रिकव्हरी कीची मागणी उभी होती. ती की एका जुन्या ईमेल खात्यात सापडेपर्यंत दुपारचे तीन वाजले. त्या दिवशी महिन्याची २० तारीख, म्हणजे मासिक जीएसटी विवरणपत्राचा शेवटचा दिवस होता, एवढे सांगितले की करसल्लागारांना पुढचे सांगावे लागणार नाही.

चूक भाच्याची होती हे मान्य आहे. तरीही एका खेळासाठी सोळा वर्षांच्या मुलाने बायोसमध्ये शिरावे, ही अपेक्षा मला मुळातच चुकीची वाटते. शिवाय या प्रकाराचा इतिहास धीर देणारा नाही. २०१३ मध्ये ईएसईए या काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेच्या अँटी-चीट क्लायंटमधून खेळाडूंच्या संगणकांवर गुपचूप बिटकॉइन मायनिंग चालल्याचे उघड झाले आणि न्यू जर्सी राज्याच्या कारवाईत तिला दहा लाख डॉलरची तडजोड करावी लागली. २०१६ मध्ये कॅपकॉमने ‘स्ट्रीट फायटर ५’सोबत असा एक ड्रायव्हर (कर्नलमध्ये चालणारा प्रोग्रॅम) पाठवला की त्याच्या आडून कोणताही प्रोग्रॅम कर्नलमध्ये हवे ते चालवू शकत होता, ओरड होताच तो मागे घ्यावा लागला. २०२२ मध्ये तर ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या खेळाचा अँटी-चीट ड्रायव्हर रॅन्समवेअरवाल्यांनी, म्हणजे संगणक अडवून खंडणी मागणाऱ्यांनी, हत्यार म्हणून वापरला. ज्यांच्यावर हल्ला झाला, त्यांच्याकडे तो खेळ असण्याचीही गरज नव्हती, कारण वैध डिजिटल सही असलेला तो ड्रायव्हर हल्लेखोर स्वतःच सोबत आणत आणि त्याच्याकरवी अँटीव्हायरस बंद पाडत.

रंकाळा

धागाकर्तीच्या बहिणीला झालेल्या त्रासाबद्दल वाईट वाटते, परंतु निष्कर्ष मला पटत नाही. कोल्हापुरात गेली नऊ वर्षे मी बारा संगणकांचा गेमिंग कॅफे चालवतो आणि दर दोन महिन्यांनी ५० रुपये प्रवेश फी ठेवून छोटी स्पर्धा भरवतो. चीटिंगने खेळ कसा मरतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

प्राथमिक फेऱ्या मुले आपापल्या घरून खेळत. एकदा हरलेल्या संघाने रिप्ले दाखवायचा आग्रह धरला. जिंकलेल्या मुलाच्या नजरेतून सामना लावला, तर त्याचा क्रॉसहेअर (नेमाची खूण) भिंतीपलीकडून चालत जाणाऱ्या शत्रूच्या डोक्यावर चिकटून, त्याच्याच चालीने, भिंतीवरून सरकत होता. तो शत्रू दारात यायच्या आधीच गोळी सुटली. मागे उभी असलेली पंधरा-वीस मुले एकदम गप्प झाली. त्यापुढच्या स्पर्धेत निम्मे संघ आले नाहीत. ज्यांनी लबाडी केली नव्हती, तेच आले नाहीत, याचे मला जास्त दुःख झाले.

२०१८ मध्ये शांघायच्या स्पर्धेत ऑप्टिक इंडिया संघाच्या एका खेळाडूच्या संगणकावर ‘वर्ड.एक्सई’ नावाच्या फायलीत चीट सापडले आणि पंच तपासायला आले तेव्हा तो ते लपवण्याची धडपड करत होता. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली, संघ बरखास्त झाला आणि त्याच्या चार निर्दोष साथीदारांची मेहनत पाण्यात गेली. प्रत्यक्ष मैदानात, पंचांच्या डोळ्यांसमोर हे घडू शकते, तर घरी बसून खेळणाऱ्याला कोण अडवणार? चीट बनवणारे केव्हाच कर्नलमध्ये पोचलेले आहेत, मग त्यांना पकडणाऱ्यानेच बाहेर उभे राहावे, हा आग्रह कशासाठी?

यंत्रवेध

मी पुण्यात डिव्हाइस ड्रायव्हर लिहिण्याचे काम करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या बोलण्यातली एकेक गोष्ट दुरुस्त करावीशी वाटते.

पहिली धागाकर्तीसाठी. कर्नलमध्ये गेल्यामुळे अँटी-चीट आपली कागदपत्रे वाचू लागेल, अशी भीती बहुतेकांना वाटते. पण आपल्या खात्यातून चालणारा कोणताही साधा प्रोग्रॅम, कर्नलशी काही संबंध नसतानाही, आपल्या खात्यातल्या फायली वाचू शकतो. बहिणीच्या अशिलांची माहिती त्याच खात्यात ठेवलेली असेल, तर ती धोक्यात येण्यासाठी कर्नलची गरजच नाही. कर्नलचा खरा प्रश्न दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे तिथल्या चुकीने केवळ खेळ बंद पडत नाही, तर पूर्ण संगणक कोसळतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख संगणक बंद पाडले आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते अँटी-चीट नव्हते, सुरक्षेचे सॉफ्टवेअर होते, पण जागा तीच होती. दुसरे म्हणजे आपण दिलेले गेन्शिनचे उदाहरण: ड्रायव्हरमध्ये फट राहिली की ती इतरांच्या उपयोगी पडते.

दुसरी दुरुस्ती रंकाळा यांच्यासाठी. भिंतीपलीकडचा शत्रू दिसतो, कारण त्याची जागा सर्व्हरने आपल्या संगणकाला आधीच कळवलेली असते. चीट ती फक्त मेमरीतून वाचून पडद्यावर काढते. ती माहिती वेळेआधी पाठवलीच नाही, तर वाचणार काय? ‘व्हॅलोरंट’ या खेळात तो बनवणाऱ्या रायट कंपनीने नेमके हे केले आहे: शत्रू दिसण्याच्या बेतात येईपर्यंत त्याची जागा शक्यतो पाठवलीच जात नाही. म्हणजे कर्नलचा वॉचमन ठेवणाऱ्या कंपनीलाही सर्व्हरवर मेहनत करणे अटळ वाटले. एमबॉटवर, म्हणजे आपोआप नेम धरणाऱ्या चीटवर, मात्र हा उपाय चालत नाही, कारण समोर दिसणाऱ्या शत्रूवर नेम धरायला गुप्त माहिती लागत नाही. तिथे रंकाळा यांचे म्हणणे बरेचसे खरे आहे.

पाचवा गडी

मी रोज रात्री तीन तास खेळतो आणि माझ्या संगणकावर खेळाखेरीज काहीच नाही. मला दहापैकी दहा सामने स्वच्छ हवे आहेत आणि त्यासाठी कर्नलची परवानगी द्यायला मी आनंदाने तयार आहे. ज्याला ती द्यायची नाही त्याने दुसरा खेळ निवडावा, इतके हे सरळ आहे.

बर्फाळ वाट

इतके सरळ नाही. मी नोकरीनिमित्त जर्मनीत असतो आणि संगणकावर फक्त लिनक्स वापरतो. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ मी अनेक वर्षे वाईनच्या (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मदतीने खेळत होतो. मे २०२४ मध्ये त्या खेळाला रायटचा व्हॅनगार्ड हा कर्नलमधला अँटी-चीट सक्तीचा झाला आणि मी एका रात्रीत बाहेर पडलो. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर ‘एपेक्स लेजेंड्स’नेही लिनक्सचे दार बंद केले. मी कधीही लबाडी केली नाही. खेळ सुरू करताना जी अट नव्हती, ती वर्षानुवर्षे पैसे आणि वेळ घालून झाल्यावर लादली गेली, तर “दुसरा खेळ निवडा” हे उत्तर न्याय्य कसे?

गोदाकाठ (धागाकर्ती)

यंत्रवेध, फायलींबद्दलचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे. भाच्यासाठी वेगळे खाते काढायला हवे होते, ते आता काढले आहे. परंतु त्यामुळे माझा आक्षेप अधिक नेमका होतो. कोणती फाईल वाचली जाते, यापेक्षा माझ्या अनुपस्थितीत, खेळ चालू नसताना काय चालू राहते, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. व्हॅनगार्डचा ड्रायव्हर संगणक सुरू होतानाच चढतो. तो बंद करता येतो, हे खरे. पण पुन्हा खेळायचे तर संगणक रीस्टार्ट करावा लागतो, आणि सोळा वर्षांचा मुलगा रोज तेवढे कष्ट घेईल ही आशा मी धरत नाही. याउलट ‘कॉल ऑफ ड्यूटी’चा रिकोशे हा अँटी-चीट २०२१ मध्ये जाहीर झाला तेव्हाच सांगितले गेले की त्याचा ड्रायव्हर खेळासोबत सुरू होईल आणि खेळासोबतच बंद होईल. एकाला हे जमते, तर ती किमान मर्यादा सर्वांवर का असू नये?

आणि रंकाळा, कर्नलमध्ये जाऊनही हमी मिळते का? १७ मार्च २०२४ रोजी ‘एपेक्स’च्या उत्तर अमेरिकेतील अंतिम स्पर्धेत, सामना रंगात असताना, दोन व्यावसायिक खेळाडूंच्या पडद्यावर कुणीतरी बाहेरून चीट सुरू करून दिले आणि स्पर्धा पुढे ढकलावी लागली. त्या खेळावर इझी अँटी-चीटचा पहारा होता. दोष आपल्या सॉफ्टवेअरचा नाही असे ते बनवणाऱ्यांनी सांगितले आणि ते मी मान्यही करते. पण पहारा असताना हे घडले, हेही खरेच आहे.

रंकाळा

हमी कुणीच देत नाही. आता तर चीटवाले संगणकात स्वतंत्र पीसीआय कार्ड (आतल्या खाचेत बसणारे जोड-कार्ड) बसवून मेमरी थेट दुसऱ्या संगणकावर वाचतात, म्हणजे खेळाच्या संगणकावर त्यांचा एकही प्रोग्रॅम चालत नाही. ते मला ठाऊक आहे. परंतु त्या कार्डाला आणि दुसऱ्या संगणकाला पैसे पडतात. माझ्या स्पर्धेत येणारा बारावीतला मुलगा तेवढा खर्च करणार नाही, तो फुकट मिळणारे चीट उतरवून घेणार, आणि तेच अडवायचे आहे. सुरुवातीपासून चढण्याचे कारणही तेवढेच व्यावहारिक आहे: खेळ सुरू झाल्यावर जागा होणारा ड्रायव्हर आपल्याआधी कोण आत येऊन बसले आहे, हे खात्रीने सांगू शकत नाही.

खेळ बंद होताच ड्रायव्हरही उतरावा आणि त्याची बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी व्हावी, या मागणीला मात्र माझा विरोध नाही. माझ्या बारा संगणकांवर कुणाची विवरणपत्रे नसतात, म्हणून मला हा निर्णय सोपा जातो, हे धागा वाचताना लक्षात आले. प्राथमिक फेऱ्या मी यापुढे घरून खेळवणार नाही. ज्यांच्या घरी एकच संगणक आहे त्यांनी रविवारी सकाळी कॅफेत यावे, त्या वेळेचे भाडे मी घेत नाही.

गोदाकाठ (धागाकर्ती)

कोल्हापूर नाशिकपासून दूर आहे, नाहीतर भाच्याला मी स्वतः घेऊन आले असते. नाशिकमध्ये अशी सोय करणारे कुणी हा धागा वाचत असेल, तर कृपया इथेच लिहावे.