शब्दचर्चा : मॉरिशसशी आपलं ‘नातं’ की ‘मैत्री’?

रत्नागिरीहून (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात १२ मार्चला मॉरिशसवर व्याख्यान ठेवलं आहे. १२ मार्च हा त्यांचा राष्ट्रीय दिन. १९३० साली याच दिवशी गांधीजी दांडीला निघाले, म्हणून १९६८ मध्ये स्वातंत्र्यासाठी त्यांनी हीच तारीख निवडली. व्याख्यानाचा विषय आहे दोन देशांमधली मैत्री आणि त्यांच्या संसदांचं एकमेकींशी चालणारं काम. फलक रंगवायला दिला होता, तो काल आला. त्यावर ‘भारत-मॉरिशस संसदीय सहकार’ असं लिहिलंय. आमच्यातल्या निम्म्या लोकांना त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही. मला खटकतंय, पण का ते नीट सांगता येत नाही.

दुसरी शंका माझीच आहे. मजकुरात ‘मैत्री’ होती, ती खोडून मी ‘नातं’ केलं. कोकणातली माणसं गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, तिकडे गेली, पिढ्यान्‌पिढ्या राहिली, अजून मराठी म्हणवून घेतात. त्याला नुसती मैत्री म्हणणं मला कोरडं वाटतं. आमचे अध्यक्ष म्हणतात, दोन सरकारांच्या भाषेत नातं नसतं. आणि मॉरिशसचा दिल्लीतला प्रतिनिधी, त्याला राजदूत म्हणायचं ना?

मालवणहून

ताई, तुमचं खटकणं बरोबर आहे. ‘सहकार’ आणि ‘सहकार्य’ दोन्ही ‘सह’ आणि ‘कृ’ यांच्यापासूनच आले, पण महाराष्ट्रात त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९०४ साली पतसंस्थांचा कायदा आला आणि पुढे साखर कारखाने, दूध संघ, मच्छीमार सोसायट्या उभ्या राहिल्या. तेव्हापासून ‘सहकार’ म्हटलं की सभासद, भागभांडवल आणि वार्षिक सभा डोळ्यांपुढे येतात. तो एका पद्धतीचा शब्द झाला. कुणी कुणाला हात दिला तर ते ‘सहकार्य’. दोन संसदा मिळून पतसंस्था काढणार नाहीत, तेव्हा तिथे ‘सहकार्य’च हवं.

जाता जाता एक सांगतो. संस्कृतात ‘सहकार’ म्हणजे आंबा, त्यातही घमघमणारा. वसंताचं वर्णन करताना कवींनी हा शब्द भरपूर वापरलाय. मार्चमध्ये आपल्याकडे कलमांवर कैऱ्या लागलेल्या असतात, त्या दिवसांत हा शब्द फलकावर आला याचं मला आपलं बरं वाटलं. पण फलक बदला.

मुंबईहून, मूळ चिपळूण

मी भाषांतराचं काम करते, म्हणून राजदूताबद्दल. मॉरिशस राष्ट्रकुलात आहे. राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे राजदूत पाठवत नाहीत, ‘उच्चायुक्त’ पाठवतात. त्याच्या कचेरीला मराठीत ‘उच्चायुक्तालय’ म्हणतात. ‘उच्चायोग’ हे हिंदीतलं रूप आहे. मराठीत ‘आयोग’ म्हटलं की चौकशी आयोग आणि वेतन आयोग आठवतात.

‘राजनैतिक’चंही असंच. हिंदीत ‘राजनीतिक’, ‘राजनैतिक’ म्हणजे राजकीय. मराठीत ‘राजनैतिक संबंध’ म्हणजे देशादेशांमधले परराष्ट्रसंबंध. हिंदी मजकूर समोर ठेवून उतरवणारे इथे हमखास फसतात. हिंदीत ज्याला ‘राजनयिक’ म्हणतात त्याला आपल्याकडे ‘मुत्सद्दी’ हा चांगला रुळलेला शब्द आहे. मुळात तो अरबीतला, हिशेब-दप्तर सांभाळणारा कारकून. मराठीत येऊन तो इतका चढला की राज्य चालवणाऱ्या शहाण्या माणसालाच मुत्सद्दी म्हणू लागले.

ताज्या बातम्यांमधला एक शब्द मला फार टोचतो. मार्च २०२५ मध्ये पंतप्रधान मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाला पाहुणे म्हणून गेले, तेव्हा दोन देशांच्या भागीदारीचा दर्जा वाढवल्याचं जाहीर झालं. त्या भागीदारीला हिंदीत ‘सामरिक’ म्हणतात आणि आपणही तेच उचलतो. ‘सामरिक’ म्हणजे समराचा, लढाईचा. त्याच दौऱ्यात मॉरिशसच्या नव्या संसद भवनासाठी भारत मदत करील असंही जाहीर झालं. संसद भवन बांधून देणं यात समर कुठे आलं? ‘धोरणात्मक’ लिहा. ‘धोरण’ हा आपल्या वापरातला शब्द आहे. धोरणी माणूस म्हणजे काय हे कोकणात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

अलिबागहून

इथल्या कोर्टात वकिली करतो, म्हणून माझ्याच धंद्याच्या शब्दाबद्दल लिहितो. परदेशी कचेरीला मराठी वर्तमानपत्रं ‘वकिलात’ म्हणत आली आहेत. नव्या मुलांना वाटतं तिथे कोर्टाची कामं चालतात. पण आधी वकील होता तो दरबारात पाठवलेला माणूस. दुसऱ्याने ज्याच्यावर काम सोपवलं आणि जो त्याच्या वतीने बोलतो तो वकील. पेशवाईत प्रत्येक मोठ्या दरबारात पुण्याचा वकील असे. आम्ही काळे कोटवाले त्या शब्दाचे मागाहून आलेले वारस. त्याच्याही आधी दख्खनी दरबारांत ‘हेजीब’ चालायचा. महाराजांच्या काळात परराज्यांचा व्यवहार पाहणारा तो ‘डबीर’, आणि अष्टप्रधानांत त्याचं नाव ‘सुमंत’ झालं.

आता आमच्या जिल्ह्यातला प्रसंग. १६७४ च्या उन्हाळ्यात मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला. राज्याभिषेक त्याने डोळ्यांनी पाहिला, पण तो आला होता तहासाठी. वीस कलमांची यादी घेऊन. महाराजांच्या बाजूने निराजीपंत बोलत होते. यादीतलं एक कलम असं होतं : वादळाने किनाऱ्याला लागलेली इंग्रजांची जहाजं आणि माल परत मिळावा. त्यावरचं उत्तर इंग्रजी वृत्तांतात नोंदलंय. वाऱ्या-वादळाने किनाऱ्याला लागलेलं परत देणं कोकणच्या कायद्याविरुद्ध आहे, आणि इंग्रजांना ही सवलत दिली तर फ्रेंच, डच आणि इतर व्यापारीही तेच मागतील.

हा प्रसंग मी इथे का सांगतोय, तर बाकीच्या बऱ्याच कलमांना होकार देऊन तह झाला म्हणून. इंग्रज हजारो मैलांवरून आलेले, इथे किनारा आपला, आणि नकारसुद्धा कारण सांगून दिला गेला. ‘तह’ या शब्दात ही देवघेव आहे. ‘करार’ कोरडा आहे, तो घरभाड्याचाही होतो. ‘तह’ राज्यांचाच होतो. दुर्दैवाने शाळेच्या पुस्तकांनी तो लढाईच्या शेवटाला बांधून टाकला. म्हणून शांततेच्या काळातल्या समझोत्याला आज ‘तह’ म्हणवत नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

कुडाळहून

वकीलसाहेबांनी ‘तह’ सांगितला, मी ‘कौल’ सांगतो. आमच्याकडे गावात काही ठरवायचं असलं की रवळनाथाला कौल लावतात. पाषाणाला कळे चिकटवायचे, उजवा पडला की देवाचा होकार. शब्द अरबी, अर्थ ‘बोल, दिलेलं वचन’. राज्यकारभारात हाच ‘कौलनामा’ झाला. ओसाड गाव वसवायचं तर रयतेला कौल, शरण आलेल्या किल्लेकऱ्याला अभयाचा कौल. आणि निवडणूक झाली की वर्तमानपत्रात ‘जनतेचा कौल’. घरावरचं कौल वेगळं, त्याचा इथे संबंध नाही.

म्हणजे देवळात, दरबारात आणि संसदेत एकच शब्द. कौल मिळाल्यावाचून पुढे जायचं नाही, मिळाला की फिरायचं नाही. गाऱ्हाण्याला सगळे मिळून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात, आणि सभागृहात ठराव टाकल्यावर ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे’. मला हे दोन आवाज शेजारी-शेजारी ऐकू येतात.

आणखी एक शब्द दशावतारातला : ‘शिष्टाई’. कृष्ण पांडवांच्या वतीने कौरवांच्या सभेत जातो ती कृष्णशिष्टाई. परराज्यात जाऊन शहाणपणाने बोलणं याला इतका नेमका मराठी शब्द दुसरा नाही. ‘शिष्टमंडळ’ लिहितो तेव्हा त्यातला ‘शिष्ट’ हा शिष्टाईतला, जाणता माणूस. ‘फार शिष्ट आहे हो’ म्हणताना नाक वर केलेला शिष्ट आठवतो, तो नव्हे.

देवरुखहून

संसदेच्या शब्दांबद्दल थोडं. तिकडच्या सभागृहप्रमुखाचं नाव पत्रिकेत आलं तर काय लिहायचं हा गोंधळ होईल. आपल्या विधानसभेत ‘अध्यक्ष’, विधान परिषदेत ‘सभापती’. लोकसभेच्या पीठासीन अधिकाऱ्याला मराठीत दोन्ही म्हणतात. मॉरिशसला एकच सभागृह आहे, ‘राष्ट्रीय सभा’, म्हणून ‘अध्यक्ष’ लिहावं हे माझं मत. तिथे हा अध्यक्ष सदस्यांच्या बाहेरूनही निवडता येतो. आपल्या लोकसभेत तो सदस्य असावाच लागतो. सभेची भाषा इंग्रजी, पण सदस्याला फ्रेंचमधूनही बोलता येतं.

संसदांच्या मैत्रीची घरं दोन. एक १८८९ साली स्थापन झालेला ‘आंतर-संसदीय संघ’, ज्याचं मुख्यालय जिनिव्हाला आहे. नजमा हेपतुल्ला १९९९ ते २००२ त्याच्या परिषदेच्या अध्यक्ष होत्या. दुसरं ‘राष्ट्रकुल संसदीय मंडळ’, १९११ चं. त्याची शाखा आपल्या विधिमंडळातही आहे, म्हणून ‘मंडळ’ हा शब्द मराठीत पक्का झाला. तिथे ‘संघ’ लिहू नये. दिल्लीत या दोन्हींचं काम भारतीय संसदीय गट पाहतो आणि लोकसभेचे अध्यक्ष त्याचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. पहिले लोकसभा अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांची कर्मभूमी अहमदाबाद, पण त्यांचं मूळ आमच्याच संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंगे गावचं.

रत्नागिरीहून

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘सहकार्य’, ‘उच्चायुक्त’, ‘धोरणात्मक’ सगळं मान्य. पण ‘नातं’ मी अजून सोडलेलं नाही. तिथे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. तिथल्या मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवतात. आणि साखरेचं बघा. गुजराती घरात साखरेला अजून ‘मोरस’ म्हणतात, आणि माझी आजी ‘मोरस साखर’ म्हणायची. मोरस म्हणजे मॉरिशस. ती साखर ज्या उसाची, तो ऊस तोडायला आपली माणसं गेली. ‘गिरमिट’ म्हणजे तरी काय, ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचं मजुरांच्या तोंडी झालेलं रूप. पाच वर्षांचा करार. १८३४ पासून लाखो माणसं पोर्ट लुईच्या त्या धक्क्यावर उतरली. आज तो आप्रवासी घाट युनेस्कोच्या वारसायादीत आहे. एवढं सगळं ‘मैत्री’त मावतं?

मालवणहून

ताई, मावत नाही. म्हणूनच दोन शब्द वेगळे ठेवा.

नातं माणसांचं. ते तुमच्या गावातल्या आडनावांचं आणि तिकडच्या आडनावांचं, ते कुणी तोडू शकत नाही. पण नात्यात कुणीतरी थोरला असतो आणि कुणीतरी धाकटा. मॉरिशस क्षेत्रफळाने आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्माही नाही. लोकसंख्या साधारण साडेबारा लाख, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याहून कमी. अशा देशाला आपण कौतुकाने ‘लहान भारत’ म्हणतो, तेव्हा धाकट्याच्या पाठीवर हात ठेवल्यासारखं होतं. तिथे आपल्या वंशाची माणसं आहेत तशी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांच्या वंशाची आहेत, चिनी आहेत, फ्रेंच आहेत. त्यांना हे नातं कसं लागू करणार? देश त्या सगळ्यांचा आहे.

मैत्रीत थोरला-धाकटा नसतो. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत त्यांचं एक मत, आपलंही एकच. आंतर-संसदीय संघात त्यांचा खासदार आपल्या खासदाराच्या बरोबरीने बसतो. ‘मैत्री’ हा शब्द तुम्हाला कोरडा वाटतो, मला तो मानाचा वाटतो. गिरमिटाच्या कागदावर ज्यांना अंगठा उठवावा लागला, त्यांच्या पणतवंडांशी आज बरोबरीच्या नात्याने सही होते. त्या सहीला मैत्रीच म्हणायला हवं.

रत्नागिरीहून

गुरुजी, तुम्ही ‘बरोबरीच्या नात्याने’ लिहिलंत, म्हणजे नातं आलंच.

पण पटलं. आज सकाळी पेंटरदादांकडे जाऊन आले. फलकावर वर मोठ्या अक्षरांत ‘भारत आणि मॉरिशस : मैत्री आणि संसदीय सहकार्य’, आणि खाली लहान अक्षरांत ‘कोकणच्या माणसांच्या नात्याची गोष्ट’. अध्यक्षांनीही मान डोलावली.

व्याख्यानानंतर गावातली मुलं जाखडी करणार आहेत. मॉरिशसचे मराठी लोक गणपतीत हाच नाच करतात आणि त्याला ‘झाकरी’ म्हणतात. ‘ड’चा ‘र’ झाला हे कळतं. पण ‘ज’चा ‘झ’ तिकडे गेल्यावर झाला, की इथल्याच एखाद्या वाडीत तसं म्हणत होते आणि तोच उच्चार बोटीतून गेला? संगमेश्वर, राजापूर, लांजा भागातल्या जुन्या माणसांना विचारून कुणी सांगाल का?