शोग्रेन्स: चिनी पुड्या आणि डॉक्टरांच्या गोळ्या सोबत घेतल्या तर?

रामबागवाली (इंदूर)
वय ५४. शोग्रेन्सचं निदान झालंय, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवरच उलटलीय. रक्तातली अँटी-रो ही त्याची चाचणी पॉझिटिव्ह. अश्रू मोजायची डोळ्यातली कागदी पट्टी पाच मिनिटांत जेमतेम ३ मिलीमीटर भिजली. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी सुरू झाल्यापासून सांधे बरे आहेत, तोंड मात्र कोरडं ठणठणीत. इंदुरात राहून शेव घशाखाली उतरत नाही, सांगायची लाज वाटते! सिंगापूरच्या भाच्याने तिथल्या चिनी वैद्याच्या पुड्या पाठवल्यात. त्याने 'आतला ओलावा' वाढतो म्हणे. गोळी बंद करून बघ, असंही म्हणतो. आमचे डॉक्टर नुसते हसले. काय करू?

खलबत्ता (वडोदरा)
ताई, गोळी बंद करायची नाही. चीनमधल्या रुग्णालयांतही चिनी आणि आधुनिक औषधं अनेकदा जोडीनं देतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनसोबत पिओनी या फुलझाडाच्या मुळाचा अर्क असतो. १९९८ साली तो तिकडे संधिवातासाठी मंजूर झाला. कॅप्सूल, मात्रा ठरलेली, पोट मात्र सैल होतं. शिवाय रक्ततपासणी चालू असते. बिननावाची पुडी म्हणजे ते नव्हे. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन उतरवायच्या औषधात एका चिनी मुळीच्या जागी विषारी वनस्पती अ‍ॅरिस्टोलोकिया गेली आणि शंभराच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं खराब झाली. मी फार्मसी कॉलेजात वनौषधी शिकवायचो, मला या पद्धतीचा राग नाही. पण आत काय आहे ते आधी कळू दे. भाच्याला वैद्याकडून यादी मागवायला सांगा.

ग्वाल्हेरकर
मलाही हाच आजार. तोंडासाठी डॉक्टरांना पिलोकार्पिनचं विचारा. लाळ सुटते, घामही सुटतो, थंडीत स्वेटर भिजतो. दमा असेल तर आधी सांगा. साखर नसलेलं च्युइंगगम चघळा आणि दाताच्या डॉक्टरांकडून फ्लोराइड लावून घ्या. लाळ नसली की दात भराभर किडतात, ते कुणी वेळेवर सांगत नाही. कानाखाली गाठ येऊन राहिली तर मात्र लगेच दाखवा. या आजारात लिम्फोमाचा, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कर्करोगाचा, धोका वाढतो.

रामबागवाली
यादी आली. माय मेन दोंग, वू वेई त्झ, गान त्साओ. मला बीपीची गोळीही आहे, सांगायचं राहिलं.

खलबत्ता
गान त्साओ म्हणजे ज्येष्ठमध. बहुतेक चिनी काढ्यांत थोडा असतोच. आपणही खोकल्याला चघळतो, पण रोज पोटात गेला तर बीपी चढतं आणि पोटॅशियम उतरतं. शोग्रेन्समध्ये काहींच्या मूत्रपिंडाला झळ पोचून पोटॅशियम मुळातच कमी पडतं. त्यात बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर तीही बहुतेकदा पोटॅशियम उतरवते. तिन्ही एकाच बाजूला ओढतील. पायांत गोळे येतात का? बीपीच्या गोळीचं नाव इथे टाका, रक्तातलं सोडियम-पोटॅशियम आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासून घ्या. यादी छापून डॉक्टरांपुढे ठेवा, कागद पाहून हसणार नाहीत. तोवर पुड्या कपाटात.

रामबागवाली
गोळे येतात, रात्री. उद्याच रक्त देते.