लातूर: वाढीव भाडं दिलं नाही म्हणून मालकानं पाणी बंद केलं

उदगीरवाली:
लेकीच्या नीटच्या शिकवणीसाठी जूनपासून लातुरात खोली घेऊन राहायलोय, मी न् ती दोघीच. भाडं ७ हजार, डिपॉझिट २० हजार. पाचशेच्या बाँडवर ११ महिन्यांचा करार, नुसता नोटरी केलेला. आता मालक म्हणायलेत, जानेवारीपासून साडेआठ द्या. मी म्हटलं, करार एप्रिल संपेपर्यंतचा आहे, तोवर सातच. काही न बोलता गेले. तिसऱ्या दिवशी नळाला पाणीच नाही. गच्चीवर जाऊन बघितलं तर टाकी काठोकाठ, आमच्या पाइपाचा कॉक तेवढा बंद, वर तारेनं आवळलेला. बाकीच्या खोल्यांना पाणी चालू. चार दिवस झाले, शेजारच्या काकूंकडून घागरी आणायलेय. मालक म्हणतात, करार रजिस्टर नाही, तुम्हाला कसला हक्क? खरंय का?

कोर्टासमोरचा टायपिस्ट:
उलटं आहे, ताई. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तेही मालकालाच. अटींवरून वाद झाला तर मालक वेगळं सिद्ध करेपर्यंत तुमचं म्हणणं धरतात.
पाण्यासाठी कलम २९. सबळ कारणाशिवाय पाणी-वीज तोडता येत नाही, कोर्टात अर्ज करून चालू करून घेता येतं. मेख एकच: हे कलम ‘भाडेकरू’साठी आहे, आणि तुमच्या बाँडवर बहुतेक ‘लिव्ह अँड लायसन्स’ असेल, म्हणजे भाडेकरू नव्हे, नुसती राहायची परवानगी. समोरचा वकील तिथंच अडवणार. म्हणून करारात पाण्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. कॉकचे फोटो काढा. आणि रागाच्या भरात भाडं थांबवू नका, ७ हजार खात्यावरच टाका. रोख दिलं तर पावती मागा, ती देणं कलम २६ नं मालकावर बंधनकारक आहे.

तीन खोल्यांचा मालक:
आमची पण दुखणी असतात. उन्हाळ्यात बोअर आटतो, टँकर स्वतःच्या खिशातून. पण भरल्या टाकीचा कॉक आवळणं ही निव्वळ दांडगाई.
डिपॉझिटवरून मात्र भांडू नका. दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही असं व्हॉट्सॲपवर फिरतंय, तो केंद्राचा २०२१ चा नमुना कायदा आहे, आपोआप लागू होत नाही.

परभणीकर:
ताई, जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण असतं. बायकांना वकील फुकट, उत्पन्नाची अट नाही. आणि खोलीला परस्पर कुलूप घातलं तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम ६ खाली ताबा परत मिळवायला दावा टाकता येतो, पण सहा महिन्यांच्या आत.

उदगीरवाली:
बाँड काढून वाचला. सातव्या अटीत ‘पाणी मालकाने पुरवावे’ असं छापलेलंच आहे, सही करताना बघितलं कुणी! फोटो काढून मालकांना पाठवला, दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. उद्या लेकीला क्लासला सोडून तशीच कोर्टात जाते. अजून एक सांगा, करार ३० एप्रिलला संपतो न् नीट मे मध्ये. मधल्या दिवसांचं कसं करायचं?