नमुना कोणाचा घेतलाय, ते आधी बघा

जंतू अँटिबायोटिक्सना कितपत दाद देत नाहीत, म्हणजे प्रतिरोध किती आहे, हे कळायला सगळ्या प्रयोगशाळांचा डेटा एका डॅशबोर्डवर आणला की काम झालं, असं काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. हा प्रतिरोध मोजणारं आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) जाळं 2013 पासून आहे, एनसीडीसीचं (राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र) वेगळं आहे. पण भर मेडिकल कॉलेजं आणि मोठ्या रुग्णालयांवर. तिथे पोचलेला रुग्ण बहुतेकदा आधीच दोन-तीन अँटिबायोटिक्स घेऊन आलेला असतो. त्याच्या लघवीतला ई. कोलाय हा जंतू औषधांना दाद देत नाही, यात नवल नाही. पण तालुक्याला पहिल्यांदाच लघवीची जळजळ घेऊन आलेल्या बाईला कोणती गोळी द्यायची, हे त्या आकड्यावरून ठरवणं चूक आहे. तिच्या लघवीचं कल्चर, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी, कुणी करतच नाही!

म्हणून आधी नमुन्यासोबत जाणारा फॉर्म सुधारा. रुग्ण दाखल कधी झाला, नमुना कधी घेतला, त्याआधी अँटिबायोटिक चालू होतं का? दोन्ही तारखा असतील तरच संसर्ग बाहेरून आला की वॉर्डात लागला, याचा अंदाज येतो. एकाच रुग्णाच्या चार ब्लड कल्चरमध्ये तोच जंतू निघाला तर पहिलाच धरायचा, नाहीतर आयसीयूतला एक माणूस टक्केवारी फुगवतो.

आणि जनावरं? डेन्मार्कमध्ये 1995 ला सुरू झालेलं डॅनमॅप माणसं, जनावरं आणि अन्न, तिन्हींतला प्रतिरोध औषधांच्या खपाशेजारी ठेवून पाहतं. आपण 2019 मध्ये कोंबड्यांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक देणं बंद केलं, फार चांगलं झालं. त्याने नेमका काय फरक पडला, हे पाहायलाही पोल्ट्रीतले नमुने याच व्यवस्थेत हवेत.