पँडोराची पेटी, पेटारा की रांजण?

प्रश्न: एका लेखाचं मराठी भाषांतर करते आहे. त्यात 'पँडोराज बॉक्स' हा वाक्प्रचार तीनदा आला आहे. आपल्या वर्तमानपत्रांत 'पँडोराची पेटी', 'पँडोराचा पेटारा', 'पँडोराचा डबा' अशी सगळी रूपं दिसतात. यातलं कोणतं घ्यावं? आणि अर्थ 'दडलेली गुपितं बाहेर येणं' असाच आहे ना?

—

आधी अर्थाचं बघू, कारण तिथे घोटाळा वाढतो आहे. गुपित बाहेर येण्याला आपल्याकडे भांडाफोड, बिंग फुटणं असे नेमके शब्द आहेत. पँडोराच्या गोष्टीत गुपित असं काही नाहीच. एकदा झाकण काढलं की जे बाहेर पडतं ते पुन्हा आत घालता येत नाही, हा तिचा गाभा आहे. 'या एका दुरुस्तीने पँडोराची पेटी उघडेल' म्हणजे एकातून दुसरं संकट निघत राहील आणि ते कुणाच्या हातात राहणार नाही. 2021 मध्ये परदेशांत दडवलेल्या संपत्तीची कागदपत्रं 'पँडोरा पेपर्स' या नावाने गाजली, तेव्हापासून गुपिताची छटा जास्त चिकटली असावी असं मला वाटतं.

आता पेटी. मूळ गोष्टीत पेटी नाही. ही कथा सांगितली हेसिअड या ग्रीक कवीने, इसवी सनापूर्वी 700 च्या आसपास, 'कामे आणि दिवस' या काव्यात. प्रोमिथिअसने अग्नी चोरून माणसांना दिला. देवांचा राजा झ्यूसने सूड म्हणून माती आणि पाणी कालवून एक स्त्री, म्हणजे पँडोरा, घडवून घेतली, प्रत्येक देवाने तिला काही ना काही दिलं, आणि तिला प्रोमिथिअसच्या भावाकडे, एपिमिथिअसकडे पाठवलं. (प्रोमिथिअस म्हणजे आधी विचार करणारा, एपिमिथिअस म्हणजे नंतर. झ्यूसकडून आलेली भेट घेऊ नकोस, असं भावाने बजावलं होतं. ते त्याला आठवलं, पण भेट घेतल्यावर.) तिने हातांनी झाकण काढलं, आतली संकटं आणि आजार बाहेर पडले, पण ते झाकण होतं 'पिथॉस'चं. पिथॉस म्हणजे मातीचा भलामोठा रांजण. धान्य, तेल, वाइन साठवायचा, बऱ्याचदा अर्धा जमिनीत पुरलेला. ग्रीसच्या क्रीट बेटावर क्नोसॉसच्या राजवाड्यात माणसाच्या उंचीचे रांजण सापडले आहेत. असली वस्तू कुणी काखेत घेऊन येत नाही. हा रांजण आला कुठून, तेही हेसिअड सांगत नाही.

पेटी आली 1508 मध्ये. इरॅस्मस या डच विद्वानाने लॅटिनमधल्या आपल्या म्हणींच्या संग्रहात ही गोष्ट सांगताना 'पिथॉस'च्या जागी 'पिक्सिस' म्हटलं. पिक्सिस म्हणजे झाकणाची छोटी डबी, बायका प्रसाधनाचं सामान ठेवतात तशी. सायकी या राजकन्येच्या कथेत पाताळातून आणलेली अशी डबी आहे. ती उघडू नकोस असं सांगूनही सायकी उघडते. इरॅस्मसच्या मनात या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या असाव्यात, असं अभ्यासक मानतात. त्या ग्रंथाच्या आवृत्त्या युरोपभर वाचल्या गेल्या आणि बहुतेक युरोपीय भाषांत डबी रुळली.

एका शब्दाने गोष्ट किती बदलते बघा. रांजण हा घराचा साठा. त्याच काव्यात हेसिअड शेतकऱ्याला सांगतो की रांजण नवा उघडाल तेव्हा आणि तळाशी आल्यावर पोटभर घ्या, मधल्या काळात हात आखडा. तळाशी येऊन काटकसर करण्यात अर्थ नाही. म्हणजे ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे रोजच्या ओळखीची वस्तू होती. शिवाय त्यांना होमरच्या 'इलियड' महाकाव्यातले रांजणही ठाऊक असणार. मुलाचं, हेक्टरचं, प्रेत मागायला आलेल्या ट्रॉयच्या म्हाताऱ्या राजाला, प्रायमला, हेक्टरला मारणारा अकिलीस म्हणतो, झ्यूसच्या दारी दोन रांजण आहेत, एकात वाईट देणी, एकात चांगली. अख्खं मनुष्यजीवन ज्यात मावेल अशी ही प्रतिमा आहे. ती हातात मावणाऱ्या डबीत कोंबली, की उरते एक उतावळी पोरगी. हेसिअडच्या ओळींत 'उघडू नकोस' अशी ताकीद नाही आणि तिच्या कुतूहलाबद्दल एक अक्षर नाही.

हेसिअड स्त्रियांच्या बाजूचा होता असं मी म्हणत नाही. तो पुष्कळ कडवट लिहितो. पण मनाई, मोह आणि अपराध हा साचा पुढे पक्का होत गेला, कारण पँडोराच्या शेजारी बायबलमधली पहिली स्त्री, ईव्ह, येऊन बसली. सोळाव्या शतकात झाँ कुझॅं या फ्रेंच चित्रकाराने काढलेलं एक चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यावर सरळ लिहिलंय, 'ईव्ह, पहिली पँडोरा'. इंग्रज कवी मिल्टननेही ईव्हचं सौंदर्य सांगताना पँडोराची उपमा दिली. ग्रीक कथा आणि बायबल असे एकमेकांत मिसळून पाश्चात्त्य मन घडलं, आणि आज आपण वापरतो तो वाक्प्रचार त्या मिश्रणातून आलेला आहे.

तिच्या नावाचंही असंच. 'पान' म्हणजे सर्व, 'दोरॉन' म्हणजे देणगी. आपल्या 'दान'मधला 'दा' धातू आणि हा एकाच कुळातले. हेसिअड विग्रह करतो: जिला सर्व देवांनी देणग्या दिल्या ती. पण 'सर्व देणारी' असाही विग्रह होतो, आणि तो भूमीला शोभतो. ब्रिटिश म्युझियममध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला एक चषक आहे. त्यावर देव तिला सजवताहेत आणि नाव लिहिलंय 'अनेसिदोरा', म्हणजे देणग्या वर पाठवणारी. धान्य मातीतूनच वर येतं.

माझं मत स्पष्ट आहे. मराठीला पेटीची काहीच गरज नाही. इंग्रजीकडे आता दुसरा शब्द उरलेला नाही, पण आपल्याकडे रांजण आहे आणि तो मुळाला अचूक बसतो. 'पँडोराचा रांजण' लिहा.

—

रांजण पटला. पण त्याहून जवळचं काही आपल्याकडे आधीपासून आहे असं वाटतं. 'पेव फुटणं'! पेव म्हणजे जमिनीखाली खणलेलं धान्याचं कोठार, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आमच्याकडे सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत. आतली कोंदलेली हवा जीव घेते. थोडा वेळ तोंड उघडं ठेवून मगच माणूस खाली सोडतात.

—

सुंदर! हे मला सुचलं नव्हतं. बंद साठा आणि उघडताक्षणी बाहेर येणारा न दिसणारा मृत्यू. हेसिअड म्हणतो, ते आजार रात्रंदिवस मुकाट्याने येतात, कारण झ्यूसने त्यांचा आवाज काढून घेतला आहे. तुमच्या पेवातली हवाही तशीच.

वापरात मात्र फरक राहतो. 'शिकवण्यांचं पेव फुटलंय' यात सुळसुळाट आहे, परत न फिरणारी चूक नाही. 'मोहोळ उठवणं' यात चूक आहे, पण मोहोळ कधीतरी शांत होतं. म्हणून भाषांतरात संदर्भ पाहून ठरवावं. पँडोराचं नाव महत्त्वाचं नसेल तिथे मी मोहोळ घेईन.

—

आणि गोष्टीच्या शेवटी रांजणाच्या तळाशी आशा राहिली म्हणतात, ते?

—

तिथे शब्द आहे 'एल्पिस'. सगळं उडून गेलं आणि एल्पिस रांजणाच्या काठाखाली अडकली, तोवर झाकण पडलं. माणसासाठी राखून ठेवली की माणसापासून रोखून धरली, यावर अडीच हजार वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे. रांजणात संकटंच होती, तर आशा त्यांच्यात काय करत होती? एल्पिसमध्ये आशा आहे आणि नुसती अपेक्षा, पुढच्याची वाट पाहणंही आहे. हेसिअड पुढे आळशी माणसाच्या एल्पिसला 'पोकळ' म्हणतो आणि गरजवंताला ती बरी नव्हे असंही सांगतो.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. आपली आशा कधी निखळ गोड नव्हतीच. आपण 'वेडी आशा' म्हणतो, 'आशाळभूत' म्हणतो. 'आशा नाम मनुष्याणां काचिदाश्चर्यशृङ्खला' हे सुभाषित शाळेत पाठ केलेलं असतं: तिने बांधलेले धावत सुटतात आणि मोकळे झालेले पांगळ्यासारखे जागच्या जागी राहतात. म्हणून एल्पिससाठी 'आशा'च ठेवा, 'उमेद' नको. उमेदीत ती बेडी येत नाही.

जाता जाता एक: ग्रीक तत्त्वज्ञ डायोजिनिस 'पिंपात' राहायचा असं आपण वाचतो. तो अथेन्समध्ये राहायचा तोही पिथॉसच. तिथेही रांजणच लिहा.