सावजीत जाऊन "तिखट कमी करा" म्हणायचं का?

इतवारीकर
मागच्या शनिवारी पुण्याहून ऑफिसचे चार जण आले होते, दोन महिन्यांपासून सावजी सावजी (आपलं नागपूरचं मसालेदार तिखट मटण) करत होते म्हणून नागपुरातल्या गोळीबार चौकाकडच्या माझ्या नेहमीच्या भोजनालयात घेऊन गेलो. टेबलावर बसत नाही तोच एकाने सांगून टाकलं, "काकू, तिखट एकदम कमी करा." काकू काही बोलल्या नाहीत. पळीने वरची सगळी तर्री, म्हणजे तेलाचा लाल तवंग, बाजूला केली आणि खालचा रस्सा वाटीत आणून ठेवला. तो खाऊन साहेब म्हणाले, "बरं आहे, पण एवढं काय आहे यात?" मला खरंच फार वाईट वाटलं, कारण त्याने जे खाल्लं ते सावजी नव्हतंच.

माझं स्पष्ट मत आहे की सावजीत जाऊन तिखट कमी करायला सांगू नये. खसखस, सुकं खोबरं, धने, लवंग, कलमी (दालचिनी), मिरे, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजून वाटलेलं असतं, त्यात भिवापुरी मिरची पडते आणि हे सगळं सकाळीच मोठ्या गंजात (पातेल्यात) शिजून तयार असतं. तुम्ही दुपारी दीड वाजता सांगितल्यावर त्यातून मिरची कशी काढणार? फक्त तेल काढता येतं, आणि मसाल्याचा सगळा वास त्या तेलातच उतरलेला असतो. झेपत नसेल तर दुसरं काही खा, नागपुरात खायला काय कमी आहे का.

कोथरूडची_खवय्यी
अजिबात पटलं नाही. माणूस जेवायला आलाय, परीक्षा द्यायला नाही. माझ्या बाबांना अल्सरचा त्रास आहे पण मटणाची आवड तेवढीच आहे, त्यांनी काय आयुष्यभर सावजीच्या दारातून परत जायचं? कोल्हापूरला बघा, तांबड्यासोबत पांढरा रस्सा येतोच, ज्याला झेपत नाही तो पांढरा पितो, ज्याला हवं तो दोन्ही एकत्र करतो, आणि त्यामुळे कोल्हापूरची इज्जत कुठे कमी झाली? मला तर वाटतं तिखटाचा हा हट्ट खाण्याच्या प्रेमातून येत नाही, "आम्ही किती सहन करतो" हे दाखवायला येतो. घाम, नाकातून पाणी, तोंड लाल झाल्याचे व्हिडिओ, यात चवीबद्दल कोण बोलतंय? तुमच्या त्या मित्राला मटण कसं शिजलं होतं हे तुम्ही विचारलंत का?

मिहानवाला
ताई तुमच्या बाबांचं समजू शकतो, तब्येतीचा विषय वेगळा हाये. पण मले हे सांगा, एकानं मागितलं, दुसऱ्यानं मागितलं, मग हॉटेलवाला काय करते? तो मसालाच बदलवून टाकते. मी दुसऱ्या शहरात दोन वर्षं होतो, तिथं "सावजी" असा मोठा बोर्ड पाहून गेलो तर टमाटर-काजूची ग्रेव्ही, वरून क्रीम, आणि खाली लाल रंग. मी तिथंच बसून घरी फोन लावला होता, एवढी आठवण आली. लोकांना झेपेल असं करता करता हे असं होते. म्हणून इतवारीकर भाऊंच्या बाजूनं मी.

कोष्टीपुऱ्याची_लेक
सगळं वाचलं, आता बोलते, कारण हे आमच्या घरातलं जेवण आहे. सावजी म्हणजे आम्ही हलबा कोष्टी लोक, विणकर. 1877 ला एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हापासून नागपुरात गिरणीचं कापड होतंच, पुढे हातमागाला काम उरलं नाही, मग गिरण्याही बंद पडल्या, आणि बऱ्याच घरांनी पुढच्या खोलीत चार टेबलं टाकून भोजनालय काढलं. आत चुलीवर घरातल्याच बायका, माझी आजीसुद्धा. त्यामुळे इतवारीकर दादा, त्या काकूंनी तर्री काढून दिली ना, त्यात त्यांना काही अपमान वाटला नसेल. घरात लेकराला, म्हाताऱ्याला आम्ही तसंच वाढतो. गंज एकच, वाढणं वेगळं.

पण ताई, तुमचंही एक चुकतंय. आमच्या घरचं मटण खाऊन पाहा, जिभेवर आग होत नाही, घशात आणि छातीत ऊब येते, कारण आजी लाल मिरचीपेक्षा मिरे आणि लवंगेवर जास्त भर द्यायची. आणि खसखस-खोबरं नीट भाजलं असेल तर ते तिखटाला धरून ठेवतं. आजकाल काही ठिकाणी नुसतं तिखट वाढवतात कारण खसखस महाग आणि मिरची स्वस्त. गिऱ्हाईक म्हणतं वा काय जहाल आहे. म्हणजे बिघाड दोन्हीकडून होतोय, क्रीम घालूनही आणि मिरची ओतूनही, आणि मला दुसऱ्याचा जास्त राग येतो कारण तो आमच्याच गावात आमच्याच नावाने चालतो.

इतवारीकर
हे खसखशीचं मी कधी या बाजूने पाहिलंच नव्हतं. आता आठवतंय, मागच्या वर्षी एका नवीन ठिकाणी खाल्लं होतं तेव्हा नुसती जळजळ होती, मागे काहीच चव नाही, आणि मी मात्र मित्रांना सांगत सुटलो होतो की लई कडक आहे. तरीही माझं म्हणणं कायम आहे, पहिल्यांदा खाताना जसं आहे तसं खावं, दोन घास तरी.

तर्री_पोहा_प्रेमी
भाऊ, सकाळी पोह्याच्या गाडीवर आपण काय म्हणतो? "तर्री जास्त", "तर्री कमी", "तर्री बाजूला". पोहेवाला कधी चिडला का? ती चण्याची तर्री आणि हा सावजीचा रस्सा, दोन्ही आपल्याच गावचे. म्हणजे कमी मागायची पद्धत आपल्याकडे आधीपासून आहे, फक्त शब्द बरोबर पाहिजे. "तिखट कमी करा" म्हटलं की बनवणाऱ्याला वाटतं मसाल्यात हात घाला म्हणतोय, "तर्री कमी" म्हटलं की फक्त वाढण्याचा प्रश्न.

कोथरूडची_खवय्यी
हे पटलं, पुढच्या वेळी असंच सांगेन. पण "दोन घास तरी" हे मला अजून मान्य नाही, बाबांना दोन घासही रात्रभर महागात पडतात. आणि सोबत घ्यायचं काय, पाणी तर उपयोगाचं नाही.

कोष्टीपुऱ्याची_लेक
पाण्याने तिखट पसरतं फक्त, ते तेलात विरघळतं, पाण्यात नाही. दही घ्या किंवा भात जास्त घ्या. आणि बाबांना मटणाआधी पाटोडी रस्सा द्या, तर्री न घालता, वरून सांभार (कोथिंबीर) टाकून. बेसनाची वडी रस्सा शोषून घेते, मसाला कळतो आणि पोटाला तेवढा त्रास होत नाही. खूर-मुंडी पहिल्या वेळी नकोच, त्यात तर्री फार असते.

मिहानवाला
एक विचारायचं होतं. माझे आजोबा म्हणायचे की खरं सावजी जवसाच्या तेलात. अजून कोणी करते का तसं? मी हॉटेलात विचारलं तर सगळीकडं सोयाबीन.

कोष्टीपुऱ्याची_लेक
हॉटेलात मलाही नाही मिळालं. आमच्याकडे पोळ्याच्या पाडव्याला अजून होतं, घाणीवरून तेल आणतो, कच्चा उग्र वास जाईपर्यंत आधी चांगलं तापवावं लागतं, नाहीतर सगळा रस्सा कडवट लागतो. इतवारीकर दादा, तुमचे पुण्याचे चौघं तेव्हा येणार असतील तर आधी कळवा, गंज मोठा चढवावा लागेल.

इतवारीकर
आत्ताच मेसेज टाकलाय चौघांना. तो तर्री काढायला लावणारा सगळ्यात आधी हो म्हणाला.